नाकारलेली नेमणूक : आयर्लंडचा सीमा आयोग

6 डिसेंबर 1921 रोजी लंडनमध्ये ब्रिटिश सरकार आणि आयरिश प्रतिनिधी यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याच्या बाराव्या कलमात तीन सदस्यांच्या एका आयोगाची तरतूद होती. एक सदस्य नव्याने स्थापन होणाऱ्या आयरिश मुक्त राज्याच्या सरकारने नेमायचा, दुसरा बेलफास्टच्या उत्तर आयर्लंड सरकारने आणि तिसरा, म्हणजे अध्यक्ष, ब्रिटिश सरकारने. तिघांनी मिळून बेटाच्या दोन भागांमधली सीमा ठरवायची होती. प्रत्यक्षात बेलफास्ट सरकारने आपली जागा भरण्यास साफ नकार दिला. अध्यक्षपदासाठी ज्यांना आधी विचारले, त्या कॅनडाच्या माजी पंतप्रधानांनी ते घेतले नाही. ज्या एका सदस्याने नेमणूक विनातक्रार स्वीकारली होती, त्याने निवाडा तयार होत आल्यावर राजीनामा दिला. सीमा होती तिथेच राहिली. सीमातंट्याच्या सरकारी कामाला नकार कोण देतो, केव्हा देतो, तो कोणाला पचतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घ्यायला या आयोगाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

सीमा मुळात आखली गेली ती 1920 च्या आयर्लंड शासन कायद्याने. अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या होत्या. त्यांपैकी अँट्रिम, डाऊन, आर्मा, डेरी, टायरोन आणि फर्मॅना या सहा काउंट्यांचे उत्तर आयर्लंड झाले. डॉनेगॉल, कॅव्हन आणि मॉनॅहन या तीन बाहेर राहिल्या. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट नेत्यांनीच नऊऐवजी सहाचा आग्रह धरला होता, कारण नऊ काउंट्यांत त्यांचे बहुमत काठावरचे होते आणि सहांत ते भक्कम होते. मात्र या सहांतही दोन काउंट्या वेगळ्या होत्या. 1911 च्या जनगणनेत टायरोनमध्ये सुमारे 55 टक्के आणि फर्मॅनामध्ये सुमारे 56 टक्के लोक कॅथलिक होते. डेरी शहर, न्यूरी गाव, आर्माचा दक्षिण भाग आणि डाऊनची दक्षिण कड येथेही कॅथलिकांचे बहुमत होते, आणि त्या काळी कॅथलिक म्हणजे बहुधा आयरिश राष्ट्रवादी असेच समीकरण होते. काउंट्यांच्या जुन्या प्रशासकीय हद्दी एका रात्रीत देशांच्या सीमेचे काम करू लागल्या, तेव्हा त्या रेषेने वाड्या, रस्ते आणि बाजारपेठा तोडल्या. पेटिगो या गावाचा एक भाग डॉनेगॉलमध्ये आणि दुसरा फर्मॅनात गेला, मध्ये फक्त एक छोटी नदी. 1 एप्रिल 1923 पासून सीमेवर जकात नाकी बसली आणि रोजच्या व्यवहारालाही ही रेषा जाणवू लागली.

बाराव्या कलमाची भाषा या सर्व प्रकरणाच्या मुळाशी आहे. आयोगाने सीमा ठरवावी ती रहिवाशांच्या इच्छेनुसार, पण आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीशी सुसंगत असेल तितपतच, असा तिचा आशय. या वाक्यात दोन तराजू आहेत आणि कोणत्या पारड्याला किती वजन द्यायचे ते सांगितलेले नाही. रहिवाशांची इच्छा मोजायची कशी, मतदान घ्यायचे का, एकक कोणते धरायचे, काउंटी, तालुका की गाव, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात असे प्रश्न नवे नव्हते. श्लेस्विगमध्ये 1920 साली आणि अप्पर सायलेशियात मार्च 1921 मध्ये सार्वमत झाले होते, आणि त्यासाठीचे विभाग आधी आखून घेतले होते. आयर्लंडच्या करारात यातले काहीच आले नाही. आर्थर ग्रिफिथ आणि मायकेल कॉलिन्स या आयरिश वाटाघाटीकारांची समजूत अशी होती की टायरोन आणि फर्मॅना आपल्याकडे येतील आणि उरलेला तुकडा स्वतंत्रपणे तग धरणार नाही. ब्रिटिश बाजूच्या सह्या करणाऱ्यांपैकी लॉर्ड बर्कनहेड यांनी मार्च 1922 मध्येच एका पत्रात लिहून ठेवले होते की कलमाचा हेतू किरकोळ दुरुस्त्यांचा आहे; ते पत्र 1924 च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. एकाच कलमावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या, त्या दोन निराळ्या अर्थांवर.

मराठी वाचकाला या ठिकाणी पाटसकर तत्त्वाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी गाव हे एकक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता हे निकष धरले, आणि बेळगाव, कारवार, निपाणीच्या प्रश्नात महाराष्ट्राने तेच निकष लावण्याची मागणी पुढे सातत्याने केली. निकष आधी ठरले की आयोगाच्या सदस्याचा कल कुठे आहे याला तितके महत्त्व उरत नाही. निकष मोकळे सोडले की खुर्चीवर कोण बसतो यावर सगळे ठरते. आयर्लंडमध्ये निकष मोकळे होते. म्हणूनच तिथे नेमणूक हाच भांडणाचा विषय झाला.

उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान सर जेम्स क्रेग यांची भूमिका सुरुवातीपासून ठाम होती. लंडनच्या करारावर त्यांच्या सरकारची सही नव्हती. सहा काउंट्यांचा प्रदेश संसदेने 1920 च्या कायद्याने दिलेला असून, त्या कायद्याखाली निवडलेल्या सरकारच्या संमतीवाचून तो कमी करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यातली खरी मेख अशी की सदस्य नेमणे म्हणजे आयोगाचा अधिकार मान्य करणे. एकदा सदस्य बसला की निवाडा कसाही आला तरी तो बंधनकारक. नेमणूक न करण्यात ही अडचण नव्हती. ‘एक इंचही नाही’ ही युनियनिस्टांची घोषणा होती, आणि इंचाचाही हिशेब करणाऱ्या आयोगात माणूस पाठवणे त्या घोषणेच्या विरुद्ध गेले असते.

आयोग नेमण्याआधी आपसात मिटवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जानेवारी 1922 मध्ये क्रेग आणि कॉलिन्स यांनी आयोगाला वगळून थेट तोडगा काढायचे ठरवले, पण कोण किती भूभाग गृहीत धरून बसले आहे हे कळताच ते बोलणे मोडले. त्यानंतर दक्षिणेत जून 1922 ते मे 1923 असे यादवी युद्ध पेटले आणि त्यात कॉलिन्स मारले गेले. ग्रिफिथही 1922 च्या ऑगस्टमध्येच वारले. 7 डिसेंबर 1922 रोजी उत्तर आयर्लंडच्या संसदेने मुक्त राज्यातून बाहेर राहण्याचा ठराव केला आणि बारावे कलम लागू झाले. डब्लिनच्या मुक्त राज्य सरकारने ईशान्य सीमा कार्यालय काढून नकाशे, जनगणनेचे आकडे आणि व्यापाराची माहिती गोळा केली, आणि जुलै 1923 मध्ये आपला सदस्य म्हणून ओवेन मॅकनील यांना नेमले. मॅकनील हे शिक्षणमंत्री होते, अँट्रिम काउंटीत जन्मलेले कॅथलिक होते, प्राचीन आयरिश इतिहासाचे मोठे अभ्यासक होते आणि 1893 साली स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या संस्थापकांपैकी एक होते. उत्तरेतला माणूस, विद्वान, स्वच्छ चारित्र्याचा, या दृष्टीने निवड चांगली होती. वकिली डावपेचांच्या दृष्टीने ती तितकी चांगली नव्हती, हे पुढे दिसले.

1924 च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये लंडनला परिषदा झाल्या, त्या निष्फळ ठरल्या. मे महिन्यात बेलफास्टने सदस्य नेमण्यास औपचारिक नकार कळवला. रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे मजूर पक्षाचे अल्पमतातले सरकार त्या वेळी सत्तेवर होते, आणि अध्यक्ष शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी विचारणा केली ती सर रॉबर्ट बॉर्डन यांना. बॉर्डन 1911 ते 1920 कॅनडाचे पंतप्रधान होते. साम्राज्यातल्या एका स्वशासित देशाचा प्रतिष्ठित माणूस दोघांनाही चालेल, असा त्यामागे विचार होता. उत्तर आयर्लंड सहभागी होणार नाही हे स्पष्ट झालेले असताना बॉर्डन यांनी ते पद घेतले नाही.

बॉर्डन यांच्या देशाला सीमा आयोगांचा अनुभव होता आणि तो कडू होता. अलास्काच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याची सीमा ठरवण्यासाठी 1903 साली अमेरिका आणि ब्रिटन यांनी सहा जणांचे न्यायमंडळ नेमायचे ठरवले होते, आणि सहाही सदस्य निःपक्षपाती, नामांकित कायदेतज्ज्ञ असावेत अशी अट होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना विचारून पाहिले, ते आले नाहीत. मग त्यांनी आपले युद्धमंत्री एलिहू रूट, सिनेटर हेन्री कॅबट लॉज आणि वॉशिंग्टन राज्याचे माजी सिनेटर जॉर्ज टर्नर यांना नेमले. न्यायमूर्तींनी मोकळी ठेवलेली जागा राजकारण्यांनी भरली. निवाडा चार विरुद्ध दोन मतांनी आला. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टन यांनी अमेरिकी सदस्यांच्या बाजूने मत दिले, आणि कॅनडाचे दोघे, जेटे आणि एल्सवर्थ, यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. बॉर्डन तेव्हा कॅनडाच्या संसदेत विरोधी पक्षनेते होते.

निःपक्षपाती माणसाचा नकार हा सन्माननीय असतो, पण त्याचा परिणाम त्याच्या हातात राहत नाही. त्याने दूर राहिल्याने काम थांबत नाही. ते कमी काटेकोर माणसाकडे, किंवा निराळ्या स्वभावाच्या माणसाकडे जाते. बॉर्डन यांच्यानंतर अध्यक्षपद मिळाले दक्षिण आफ्रिकेतील न्यायाधीश रिचर्ड फीथम यांना, जून 1924 मध्ये. त्यांच्या प्रामाणिकपणावर कोणी बोट ठेवावे असे नव्हते. भारताशीही त्यांचा संबंध आलेला होता. माँटेग्यू–चेम्सफर्ड सुधारणांच्या तयारीत 1918–19 मध्ये जी कार्यविभागणी समिती हिंदुस्थानात फिरली, तिचे अध्यक्ष फीथमच होते. कोणते विषय मंत्र्यांकडे सोपवायचे आणि कोणते गव्हर्नरच्या हाती राखीव ठेवायचे, ही द्विदल राज्यपद्धतीतली वाटणी त्या समितीने सुचवली. म्हणजे कागदावर रेषा ओढण्याचे काम त्यांनी आधी केले होते. त्यांची वृत्ती कायद्याच्या शब्दाला धरून चालणारी होती, आणि जी व्यवस्था एकदा उभी आहे ती मोडायला बळकट कारण मागणारी होती. बाराव्या कलमासारखे सैल वाक्य अशा माणसासमोर आले की तो त्याचा सर्वांत सावध अर्थ घेणार, हे त्याच्या स्वभावातच होते.

अध्यक्ष आणि एक सदस्य मिळाले, दुसरा मिळेना. ब्रिटिश सरकारने प्रश्न प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे पाठवला. 31 जुलै 1924 रोजी समितीने मत दिले. उत्तर आयर्लंडचा सदस्य नसेल तर आयोग कायद्याने पूर्ण होत नाही, आणि बेलफास्टच्या मंत्र्यांनी नकार दिला असताना त्यांच्या ऐवजी ब्रिटिश मंत्र्यांच्या सल्ल्याने सदस्य नेमण्याचा अधिकार राजसत्तेला नाही, असे तिने सांगितले. याच मतात तिने आणखी एक गोष्ट नोंदवली: आयोग एकदा पूर्ण झाला की निर्णय बहुमताने होऊ शकतो. त्या उन्हाळ्यात या वाक्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नसेल. पुढच्या वर्षी डब्लिनला त्याची झळ बसली.

मार्ग काढण्यासाठी लंडन आणि डब्लिन यांनी ऑगस्टमध्ये एक पूरक करार केला आणि ब्रिटिश संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. ऑक्टोबर 1924 मध्ये राजाची संमती मिळाली. आता उत्तर आयर्लंडच्या वतीने ब्रिटिश सरकारला सदस्य नेमता येणार होता. त्या जागेवर आले जे. आर. फिशर. ते युनियनिस्ट बॅरिस्टर होते आणि बेलफास्टच्या ‘नॉर्दर्न व्हिग’ या वृत्तपत्राचे माजी संपादक होते. बेलफास्टनेच नेमणूक केली असती तर याहून सोयीचा माणूस त्यांना मिळाला नसता.

क्रेग यांच्या नकाराचे बळ इथे दिसते. त्यांच्या बाजूची खुर्ची त्यांच्याच मताच्या माणसाने भरली, पण तो त्यांनी नेमलेला नव्हता. निवाडा अनुकूल आला तर तो मान्य करायचा, प्रतिकूल आला तर ‘हा आयोग आमचा नव्हे’ म्हणायचे, असे दोन्ही रस्ते मोकळे राहिले. डब्लिनकडे असा एकही रस्ता नव्हता. त्यांनी करार केला होता, सदस्य नेमला होता, आयोग पूर्ण व्हावा म्हणून पूरक करारही केला होता. ज्याने सहकार्य केले तो बांधला गेला, ज्याने नाकारले तो मोकळा राहिला. कायद्याच्या दृष्टीने क्रेग यांची भूमिका किती योग्य होती यावर वाद होऊ शकतो. डावपेच म्हणून ती अचूक होती, आणि सीमेवरच्या कॅथलिक जनतेच्या बाबतीत कठोर होती.

एकमेकांविरुद्ध दोन पक्षीय सदस्य आणि मध्ये एकटा अध्यक्ष, ही रचना पुढे भारतातही दिसली. 1947 मध्ये पंजाब आणि बंगालच्या सीमा आयोगांवर काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी सुचवलेले प्रत्येकी दोन न्यायाधीश होते. ते अपेक्षेप्रमाणे दोन-दोन असे विभागले आणि निर्णय एकट्या सिरिल रॅडक्लिफ यांच्यावर पडला. पंजाबच्या त्या आयोगातले एक न्यायाधीश म्हणजे मेहेरचंद महाजन. हेच महाजन पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि ऑक्टोबर 1966 मध्ये महाराष्ट्र, म्हैसूर आणि केरळ यांच्या सीमावादासाठी त्यांचाच एकसदस्य आयोग नेमला गेला. एकसदस्य आयोगात कोणत्याही राज्याला आपली खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. मग नकार द्यायचा तो निवाडा आल्यावरच. ऑगस्ट 1967 च्या महाजन अहवालाने बेळगाव म्हैसूरकडे ठेवले, महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, आणि 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

आयर्लंडच्या आयोगाचे काम नोव्हेंबर 1924 मध्ये लंडनमध्ये सुरू झाले. डिसेंबरात सदस्यांनी सीमाभाग पाहिला, आणि 1925 च्या वसंत-उन्हाळ्यात आर्मा, एनिस्किलन, डेरी, ओमा या ठिकाणी बसून स्थानिक संस्था, व्यापारी, शेतकरी आणि धर्मगुरू यांच्या साक्षी घेतल्या. सार्वमताची तरतूद नसल्याने लोकांची इच्छा 1911 च्या जनगणनेतील धर्माच्या रकान्यावरून काढायची ठरली. फीथम यांनी कलमाचा जो अर्थ लावला त्याने पुढचे जवळपास सगळे ठरवून टाकले. उत्तर आयर्लंड हा प्रदेश ओळखता येण्याइतका टिकला पाहिजे, बदल मागणाऱ्याने बदलाची गरज सिद्ध केली पाहिजे, आणि इच्छा व अर्थकारण यांचा विरोध आला तर अर्थकारण वरचढ ठरेल, असा तो अर्थ होता. त्यामुळे न्यूरीत कॅथलिक बहुमत असूनही तिचा व्यापार बेलफास्टशी जोडलेला आहे म्हणून ती उत्तरेत राहिली. डेरी शहरही राहिले.

दोन पक्षीय सदस्यांचे वागणे या महिन्यांत अगदी वेगळे होते. कामकाज गोपनीय राहावे असे तिघांनी मान्य केले होते. मॅकनील यांनी ते इतके काटेकोर पाळले की स्वतःच्या मंत्रिमंडळालाही त्यांनी काही सांगितले नाही. फिशर मात्र पत्रांतून युनियनिस्ट वर्तुळाला आतली खबर देत राहिले. मॅकनील यांची निष्ठा आदरणीय होती, पण ज्या बाजूच्या वतीने ते बसले होते तिच्यासाठी ती महाग पडली. फीथम यांच्या अर्थनिर्णयाला त्यांनी वेळीच हरकत घेऊन आयोग सोडला असता, तर डब्लिनला काहीतरी करण्याची सवड मिळाली असती.

7 नोव्हेंबर 1925 रोजी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ने प्रस्तावित सीमेचा नकाशा छापला. दक्षिण आर्मा मुक्त राज्याकडे येणार होता, पण पूर्व डॉनेगॉलचा एक भाग उत्तरेकडे जाणार होता. भूभाग मिळवायला गेलेल्या सरकारच्या हातून भूभाग जातो, हे डब्लिनमध्ये कोणालाही मान्य होणे शक्य नव्हते. 20 नोव्हेंबरला मॅकनील यांनी आयोगाचा आणि चार दिवसांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पण नकाराची वेळ निघून गेली होती. निर्णय बहुमताने होऊ शकतो, हे न्यायिक समितीने आधीच सांगून ठेवले होते. फीथम आणि फिशर दोघे मिळून निवाडा जाहीर करू शकत होते, आणि तो जाहीर होताच कायद्याने लागू झाला असता.

म्हणून मुक्त राज्याचे सरकारप्रमुख विल्यम कॉस्ग्रेव्ह घाईने लंडनला गेले. 3 डिसेंबर 1925 रोजी ब्रिटिश पंतप्रधान बाल्डविन, कॉस्ग्रेव्ह आणि क्रेग यांच्यात करार झाला. आहे तीच सीमा कायम झाली. 1921 च्या करारातल्या पाचव्या कलमानुसार ब्रिटनच्या सार्वजनिक कर्जातला जो वाटा मुक्त राज्याने उचलायचा होता, त्यातून त्याची सुटका झाली, आणि यादवीतील व त्याआधीच्या नुकसानभरपाईचा जादा भार त्याने घेतला. जमिनीच्या प्रश्नाचा हिशेब शेवटी पैशांत झाला. उत्तरेतल्या राष्ट्रवादी लोकांना या वाटाघाटीत कोणी विचारले नाही. आयोग येईल आणि आपली सुटका करील या आशेवर त्यांच्या प्रतिनिधींनी बेलफास्टच्या संसदेवर वर्षानुवर्षे बहिष्कार टाकला होता. आता ती आशाही गेली आणि दरम्यान हातची वर्षेही गेली.

आयोगाचा अहवाल पुरून टाकण्यावर तिन्ही सरकारांचे एकमत झाले. तो 1969 साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यातल्या आकड्यांनुसार 1,83,290 एकर जमीन आणि 31,319 लोक मुक्त राज्याकडे यायचे होते, आणि त्यांपैकी 27,843 कॅथलिक होते. उलट दिशेने 49,242 एकर आणि 7,594 लोक जायचे होते, त्यांत 4,830 प्रोटेस्टंट होते. 280 मैलांची सीमा 229 मैलांवर येणार होती. अहवाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, 1969 च्या ऑगस्टमध्ये, डेरी आणि बेलफास्टच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य उतरले. पुढच्या तीन दशकांच्या हिंसाचारात सर्वांत धगधगत राहिलेल्या भागांपैकी एक होता दक्षिण आर्मा. 1925 च्या नकाशात तो सीमेच्या पलीकडे दाखवला होता.